अंगणातली आवळी



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे ठरले, तेव्हा प्रथम मनात आले ते गड, लढाया आणि राजेरजवाडे. परंतु अशा विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या संसाराशी रोज ज्यांचा संबंध येतो, त्या वस्तूंनाही इतिहास असतो, तो मात्र सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून यंदा मी दूर कोठे न जाता घराच्या मागच्या दाराने बाहेर पडणार आहे. तिथे, आपण जिला बाडी किंवा सांदवाडी म्हणतो त्या जागेत, जुन्या घरांतून अजूनही कोठे कोठे आवळीचे झाड उभे दिसते. हे झाड मूळचे रानातले. ते घरी कोणी आणले, कशासाठी राखले आणि आज ते अंगणातून नाहीसे का होऊ लागले आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आधी नावाचा विचार करू. मराठीत झाडाला आपण आवळी म्हणतो आणि फळाला आवळा. झाड बाईमाणूस, फळ पुरुष! संस्कृतात या झाडाला आमलकी हे नाव प्रसिद्ध आहेच, परंतु दुसरे एक नाव आहे ते मला अधिक गोड वाटते. ते म्हणजे धात्री. धात्री म्हणजे पोसणारी, दूध पाजून वाढवणारी दाई. आपल्या पूर्वजांनी झाडांना नावे देताना किती विचार केला होता, हे या एका शब्दावरून कळते. शास्त्रज्ञ या झाडाला फिलँथस एम्ब्लिका म्हणतात. इंग्रज इकडे आले तेव्हा त्यांना आवळा पाहून आपल्या देशातल्या गूजबेरी नावाच्या फळाची आठवण झाली आणि त्यांनी आवळ्याला ‘इंडियन गूजबेरी’ म्हणावयास प्रारंभ केला. वास्तविक दोन्हींचे नाते काहीच नाही. इंग्रजांची गूजबेरी हे थंड मुलखातले काटेरी झुडूप, आणि आपली आवळी हा पंचवीसतीस फुटांपर्यंत वाढणारा वृक्ष. बाजारात रसभरी किंवा टिपारी म्हणून कागदी आवरणातले पिवळे फळ मिळते, त्यालाही इंग्रजीत ‘केप गूजबेरी’ म्हणतात. ते दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेच्या टोकाकडे गेले आणि तिथून जगभर पसरले. आणि बाडीत घोसांनी लगडणारा लहानसा रायआवळा, तो आणखी निराळा. आपला विषय मात्र मोठ्या आवळ्याचा आहे.

हे फळ आपल्या देशात फार प्राचीन काळापासून मानाचे आहे. चरकसंहितेत तारुण्य टिकवणाऱ्या द्रव्यांत आवळ्याला पहिले स्थान दिले आहे आणि च्यवनप्राशाची जी कृती सांगितली आहे तीत पाचशे आवळे मोजून घ्यावयास सांगितले आहे. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो, हे तर घरोघरी ठाऊक आहे. देवळांच्या शिखरावर कळसाच्या खाली पाकळ्यांसारख्या कडा असलेली जी दगडी चकती असते तिचे नावसुद्धा आमलक. आपल्या विदर्भात गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथील देवळांना भगिनी जातात, त्यांनी पुढच्या वेळी मान वर करून शिखराकडे अवश्य पाहावे.

परंतु माझ्या मनात राहिल्या आहेत त्या दोन कथा. पहिली सम्राट अशोकाची. बौद्धांच्या अशोकावदान नावाच्या ग्रंथात ती आली आहे. म्हातारपणी अशोकाने आपले सर्व धन संघाला देण्याचा सपाटा लावला, तेव्हा मंत्र्यांनी खजिना बंद केला. शेवटी साऱ्या जंबुद्वीपाच्या त्या स्वामीच्या हातात उरला तो अर्धा आवळा. तोही त्याने पाटलिपुत्राच्या कुक्कुटाराम विहारात पाठवून दिला. तेथील भिक्षूंनी तो एकट्याने खाल्ला नाही. त्यांनी तो वाटून सारात घातला आणि ते सार सर्वांना वाढले. सातव्या शतकात युआन श्वांग हा चिनी प्रवासी, ज्याला आपण ह्यूएनत्संग म्हणून ओळखतो, पाटलिपुत्राला आला तेव्हा या आवळ्याच्या नावाचा स्तूप तेथे होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. दुसरी कथा शंकराचार्यांची. बालवयात ते भिक्षेला एका गरीब घरी गेले. त्या घरच्या बाईजवळ एका आवळ्यावाचून काही नव्हते. तोच तिने झोळीत घातला. तिच्यासाठी आचार्यांनी कनकधारास्तोत्र रचले, अशी परंपरागत आख्यायिका आहे.

या कथा अक्षरशः घडल्या की नाही याचा वाद विद्वानांनी घालावा. मला त्यांतून एवढेच दिसते, की सर्व काही संपले तरी घरात जे उरते ते फळ म्हणजे आवळा, अशी या देशातल्या लोकांची समजूत फार जुनी आहे. सम्राटाजवळ शेवटी तोच उरला आणि गरीब बाईच्या घरीही तोच होता. आणि दोन्ही कथांत तो स्वतः न खाता दुसऱ्याला दिला गेला.

आता आवळी रानातून घरी कशी आली ते पाहू. याची नोंद कोणत्याही बखरीत सापडावयाची नाही. परंतु आपल्या व्रतवैकल्यांत तिचा माग स्पष्ट लागतो. कार्तिक शुद्ध नवमीला आवळी नवमी म्हणतात. कार्तिकात आवळीची पूजा करून तिच्या छायेत बसून जेवावे, याला आवळीभोजन म्हणतात. फाल्गुनातल्या शुद्ध एकादशीचे नावच आमलकी एकादशी आहे. तुळशीच्या लग्नात बोर, चिंच, ऊस यांच्या बरोबरीने आवळा लागतोच, आणि तुळशीचे लग्न लागल्याशिवाय नवा आवळा तोंडात घालू नये, असे आपल्या आजीपणजी बजावत असत.

हल्लीच्या सुशिक्षित मुलींना या गोष्टी भाबड्या वाटतात. क्षणभर श्रद्धा बाजूला ठेवून केवळ व्यवहाराच्या दृष्टीने पाहा. झाडाखाली बसून जेवावयाचे असेल तर झाड चालत जाण्याजोग्या अंतरावर हवे. सकाळी पूजा, दुपारी स्वयंपाक आणि लहान मुले पदराशी, अशा बाईला ते झाड बाडीतच असलेले बरे. पूजेच्या झाडावर कुऱ्हाड सहसा पडत नाही. आणि कार्तिकाआधी फळ तोडावयाचे नाही म्हटल्यावर ते पुरते भरल्यावाचून खुडले जात नाही. एखाद्या सरकारी खात्याने झाड लावणे, राखणे आणि वेळेवर तोडणे यांचे तीन नियम छापून भिंतीला चिकटवले असते तर ते किती जणींनी पाळले असते? व्रताने मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या पाळून घेतले. म्हणून मला असे वाटते, की आवळीला घरी आणण्याचे आणि टिकवण्याचे श्रेय मुख्यतः बायकांचे आहे.

स्वयंपाकघराने तिला आणखी घट्ट धरून ठेवले. आवळा वर्षातून एकदा येतो, परंतु त्याला बारा महिने पुरवण्याच्या युक्त्या बायकांनी शोधल्या. किसून पाकात मुरवला की मोरावळा झाला, मीठ लावून वाळवला की आवळासुपारी, फोडी करून सुकवल्या की आवळकाठी, शिवाय लोणचे, सरबत आणि चटणी आहेच. केसांसाठी लोखंडी कढईत आवळकाठी भिजत घातली की पाणी काळेभोर होते, ते आवळ्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड यांच्या संयोगाने. हे रसायनशास्त्र आपल्या आजीने कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता साधले होते. आवळीचे लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही. म्हणून पूर्वी ते विहिरीच्या कामात वापरीत, आणि गढूळ पाणी निवळावे म्हणून तिच्या फांद्या विहिरीत टाकीत.

आपला तिरोडा झाडीपट्टीतला. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचे जंगल, आणि मध्ये धानाच्या बांध्या, बोड्या आणि मालगुजारी तलाव. या जंगलात आवळी, हिरडा, बेहडा, मोह, चार ही झाडे आपोआप वाढत. एके काळी रानात जाऊन पाटीभर आवळे आणावेत, याला कोणाची परवानगी लागत नसे. ही स्थिती हळूहळू पालटली. १८७८ साली इंग्रज सरकारने वनांचा कायदा केला आणि राखीव जंगल ही कल्पना रुजली. १८८० नंतरच्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे लोहमार्ग गेला आणि पुढे तो बंगाल नागपूर रेल्वेचा भाग झाला. आपले स्टेशन त्याच मार्गावर आहे. रेल्वे आल्यावर रानातल्या लाकडाला व मालाला दूरचा बाजार मिळाला. १९२७ साली वनांचा नवा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, आणि झाडे लावणे हे राष्ट्रीय कार्य ठरले. १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प घोषित झाला.

अभयारण्य झाले याचे दुःख कोणी मानू नये. वाघ राहिला तर जंगल राहील, आणि जंगल राहिले तर आपल्या बोड्यांत पाणी राहील. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या लोकांना आवळ्यासारखे गौण वनोपज गोळा करण्याचा हक्कही दिला आहे. परंतु तिरोड्यासारख्या गावात राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने पाहिले तर रानातली आवळी शंभर-सव्वाशे वर्षांत तिच्यापासून दूर गेली, हे खरे आहे. त्यातच व्यापारासाठी घाईने आवळे काढणारे फळाबरोबर फांदीच तोडतात, त्यामुळे रानातली झाडेही खुरटतात. रान जितके दूर गेले तितकी बाडीतली आवळी मोलाची झाली. आणि नेमक्या याच काळात आपण बाडीतली आवळीही घालवीत आहोत.

हे मोल केवळ भावनेचे नाही. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी आवळा प्रयोगशाळेत नेला. क जीवनसत्त्वाच्या संशोधनासाठी सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाला १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी दामोदरन आणि नायर या आपल्या देशातील संशोधकांनी आवळ्यातील तुरट द्रव्य या जीवनसत्त्वाचे रक्षण करते, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. १९३९-४० साली तेव्हाच्या पंजाबातील हिस्सार जिल्ह्यात दुष्काळ पडला. हिरव्या भाज्या नाहीशा झाल्या आणि हिरड्यांतून रक्त येण्याचा स्कर्व्ही हा रोग पसरला. त्या वेळी रोग्यांना आवळा देण्यात आला आणि तो गुणकारी ठरला. दुष्काळात शेवटी उरणाऱ्या फळाची ती जुनी कथा तेथे एका अर्थाने पुन्हा घडली.

जुन्या आहारतक्त्यांत शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असल्याचे छापलेले असे, आणि तोच आकडा आजही पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली नवे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत तो सुमारे २५० आहे. आकडा उतरला म्हणून निराश होण्याचे कारण नाही. संत्र्यात तो चाळिसाच्या आसपास असतो. आणि मोठ्या स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम पुरतात, असे आपले तज्ज्ञ सांगतात. म्हणजे मध्यम आकाराचा एक ताजा आवळा रोज खाल्ला तरी काम भागले.

यात आपल्या दृष्टीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चोपन्न जणींना रक्त कमी असल्याचे आढळले. निम्म्याहून अधिक! आपण भातखाऊ मुलखातल्या बायका. आपल्या जेवणातले लोह मुख्यतः धान्यातून, डाळीतून आणि पालेभाजीतून येते, आणि हे लोह शरीरात सहज मुरत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते अधिक प्रमाणात मुरते. म्हणून भात, वरण, भाजी यांच्या बरोबर ताज्या आवळ्याची चटणी किंवा फोड पानात वाढली, तर ती केवळ चवीपुरती राहत नाही. आवळ्याने रक्तक्षय बरा होतो, असे मी म्हणत नाही. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आणि लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. परंतु वयात येणाऱ्या मुलीच्या पानात रोज पडणारा आवळा हा त्या उपचाराचा चांगला सोबती आहे. जीवनसत्त्व शिजवल्याने आणि कडक उन्हात वाळवल्याने बरेच कमी होते, हेही ध्यानात ठेवावे. मोरावळा रुचकर खरा, पण ताज्या आवळ्याची सर त्याला नाही.

आता प्रत्यक्ष बाडीकडे वळू. फळ मोठे आणि गोमटे करण्याचे काम जगात सर्वत्र घरच्या बागेतच झाले आहे. इंग्लंडात कोष्टी, मजूर अशा साध्या लोकांनी आपल्या परसात गूजबेरी वाढवून सर्वांत वजनदार फळाच्या स्पर्धा लावल्या. यॉर्कशायरमधील एग्टन ब्रिज या खेड्यात १८०० साली सुरू झालेले असे प्रदर्शन प्रसिद्ध आहे. आपल्याकडे उत्तर प्रदेशात बनारसी, चकैया, फ्रान्सिस अशा आवळ्याच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या जोपासल्या गेल्या. पुढे फैजाबादजवळच्या कुमारगंज येथील नरेंद्रदेव कृषी विद्यापीठाने त्यांतून निवड करून कृष्णा, कांचन, एनए-७ या सुधारित जाती दिल्या. आज रोपवाटिकांत बहुधा याच कलमा मिळतात.

आवळीला सुपीक जमीन लागत नाही. आपल्याकडची मुरमाड बर्डीसुद्धा तिला चालते. मात्र लहानपणी मुळाशी पाणी साचलेले तिला मानवत नाही, म्हणून धानाच्या बांधीच्या बाजूला नव्हे तर उंचवट्यावर जागा द्यावी. उन्हाळ्यात तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा करून तो उन्हात तापू द्यावा, माती व शेणखत घालून भरावा आणि पावसाळा लागला की कलम लावावे. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी आणि शेळ्यांपासून कुंपण, एवढे सांभाळले की झाड आपले आपण उभे राहते. बियाण्याच्या झाडाला फळ यावयास सहा ते आठ वर्षे लागतात, कलमाला तीन-चार. फांद्या ठिसूळ असतात, भाराने मोडतात. फळे भरली की खालून टेकू द्यावा.

फळ धरण्याची रीतही मोठी मौजेची आहे. चैत्राच्या सुमारास आवळीला बारीक पिवळट फुले येतात. फळ धरते, पण साऱ्या उन्हाळ्यात ते डोळ्याला दिसतसुद्धा नाही. ते निजलेले असते. पाऊस पडून श्रावण आला की ते जागे होते आणि भराभर वाढून कार्तिकात तयार होते. म्हणून वैशाखात झाडाकडे पाहून ‘यंदा काहीच धरले नाही’ असे म्हणून त्याला तोडू नये.

आणि आता शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ भगिनींची तक्रार असते, की झाड चांगले वाढले, फुलतेही, पण आवळे काही लागत नाहीत. मग कोणी झाडाला वांझ म्हणते, कोणी जागेला दोष देते. खरे कारण निराळे आहे. आवळीवर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी असतात, आणि स्वतःच्याच परागाने तिला पुरेशी फळे धरत नाहीत. जवळपास दुसऱ्या जातीची एखादी आवळी असावी लागते. म्हणूनच कृषी तज्ज्ञ एकाच जातीची सर्व झाडे न लावता दोनतीन जाती मिसळून लावावयास सांगतात. पूर्वी चार घरांआड एक आवळी असे, तेव्हा हे काम वारा आणि मधमाश्या परस्पर करीत. एका बाडीतले झाड तुटले की तोट्यात फक्त तेच घर येत नसे, शेजारच्या आवळीचेही फळ कमी होई. ज्या एकट्या आवळीला आपण वांझ म्हणून नावे ठेवतो, तिची शेजारीणच आपण तोडलेली असते.

१९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, २०१२ पासून आपल्या गावाजवळ विजेचे मोठे केंद्र सुरू झाले, गाव वाढले, घरे पक्की झाली. याचा आनंदच आहे. परंतु नवे घर बांधताना बाडी सिमेंटने झाकली जाते, आणि मग आवळ्याचा रस बाटलीतून विकत आणावा लागतो. ज्यांना दोन झाडांची जागा नाही त्यांनी खंत करू नये. दोन शेजारणींनी मिळून ठरवावे, एकीने कृष्णा लावावी आणि दुसरीने एनए-७. भिंत मध्ये असली तरी मधमाशीला ती अडवीत नाही. आपल्या मंडळाने येत्या पावसाळ्यात कलमा वाटल्या, तर त्या एकेक न वाटता शेजारणींच्या जोड्यांना वाटाव्या, अशी माझी नम्र सूचना आहे. ज्यांना अंगणच नाही त्यांच्यासाठी शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात दोन झाडे लावता येतील, आणि तेथील आवळे तेथल्याच मुलींच्या पानात पडतील.

कोणी म्हणतील, बायकांचे मंडळ म्हणजे आवळ्याची मोट, बांधावी तितकी सुटते. म्हणोत बापडे. मोटेतला आवळा सुटला तर घरंगळत जातो हे खरे, पण मुळात तो झाडावर धरला तो शेजारच्या झाडामुळे, हे म्हण करणाऱ्याला ठाऊक नव्हते. येत्या कार्तिकात ज्यांच्या बाडीत आवळी आहे त्यांनी शेजारणींना आवळीभोजनाला बोलवावे आणि जेवणे आटोपल्यावर दुसरी आवळी कोणाच्या अंगणात लावावयाची तेही तिथेच ठरवावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.